दूध म्हणा की रस, फुटायचं तेव्हा फुटतंच

सोया, बदाम, ओट यांच्या पेयांना ‘दूध’ म्हणावं का, हा वाद पुन्हा पुन्हा उकळी घेतो. युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये ‘नाही’ म्हटलं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी उत्पादनं हटवायला सांगितलं. युरोपात नारळाला मात्र सूट आहे. आमच्या वेंगुर्ल्याकडे ती लागतच नाही. शिरवाळ्यांबरोबर (तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांबरोबर) खातात तो नारळाचा ‘रस’च: पहिल्या पिळणीचा जाड, दुसरीचा पातळ.

हा रस दुधासारखा दिसतो, ते मात्र खरं. खोबरं वाटून पंचातून पिळलं की तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात आणि सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. ढग पांढरा दिसतो तो असाच. प्रत्येक थेंबावर प्रथिनांचं पातळ आवरण असतं. त्यावर एकाच जातीचा विद्युतभार, म्हणून थेंब एकमेकांना दूर ढकलतात.

हा बंदोबस्त तसा कच्चाच. खळखळून उकळलं की प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना चिकटतात आणि रस फुटतो. म्हणून जाड रस शेवटी घालायचा आणि मग उकळी येऊ द्यायची नाही. आंबटाचं वेगळं. कोकमाचं आगळ घातलं की सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) चारच्या आसपास उतरतो. तिथे प्रथिनांवरचे धन आणि ऋण भार जवळजवळ बरोबरीत येतात (हा त्यांचा समविद्युत बिंदू), ढकलाढकली संपते, थेंबांचे घोस होतात आणि पाण्यापेक्षा हलके म्हणून वर चढतात. गाईच्या दुधातलं केसिन हे प्रथिन ४.६ सामूलाच हात टेकतं. दही लागतं ते त्यामुळे.

नावाच्या वादात एक मुद्दा मला पटतो. नारळाच्या रसात कॅल्शियम आणि प्रथिनं गाईच्या दुधाहून कमी, तेव्हा ‘दूध’ वाचून कुणी तान्ह्याला तेच पाजू नये. पण डब्यावरचं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ मला जास्त खटकतं. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी ज्या वादळाने आडव्या केल्या, त्याचंही नाव ‘निसर्ग’च होतं.

आमची आत्या सोलकढी पितळेच्या गंजात करते. पानं मांडेपर्यंत वर पांढरा थर येतो, खाली गुलाबी पाणी उरतं. पाहुण्यांना वाटतं, नासली. आत्या काही न बोलता पळी फिरवते आणि वाट्या भरते.