समुद्राकडे पाठ फिरवणारी गोदावरी

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत पाऊस लागला की पाण्याची वाटणी माथ्यावरच होते. एका अंगाचं पाणी वैतरणेत उतरतं आणि थोडक्यात अरबी समुद्र गाठतं. दुसऱ्या अंगाचं, ब्रह्मगिरीवरून गोदावरीत आलेलं पाणी मात्र १,४६५ किलोमीटर तुडवत बंगालच्या उपसागराला जातं. अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना!

हा हट्ट नदीचा नाही, जमिनीचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे भूखंड फुटून पश्चिमेची कड तुटली, पण ती उंचच राहिली आणि पठाराचा उतार पूर्वेकडे झाला. ताटाची एक कड उचलली की पाणी दुसरीकडेच धावणार.

गंगाद्वाराला कातळातून झिरपणारी बारीक धार पाहिली की प्रश्न पडतो : एवढ्याशा पाण्याची एवढी मोठी नदी कशी झाली? खरं सांगायचं तर ती या धारेची झालेलीच नाही. घाटमाथा उतरला की नदी पर्जन्यछायेत शिरते. पैठणला जायकवाडी धरण तिला अडवतं, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात पात्र कित्येक ठिकाणी नुसतं वाळूचं दिसतं. तिची खरी भरणी होते ती सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या संगमाला. प्राणहिता स्वतः जेमतेम ११३ किलोमीटरची, पण वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगेचं पाणी घेऊन येते. गोदावरीच्या ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या प्राणहितेचा. पुढे बस्तरची इंद्रावती येते, मग शबरी. पाण्याचा हिशोब मांडला तर उगमाचा मान विदर्भाकडे जायला हवा, पण उगम ठरवताना असा हिशोब कोण करतो!

या संगमाच्या परिसरात जमीनही बदलते. लाव्हाचा काळा खडक, बेसाल्ट, मागे पडतो आणि नदी एका फार जुन्या खचदरीत शिरते. लाव्हाच्याही कितीतरी आधी इथे गाळ साचत होता. त्यात दगडी कोळसा सापडतो आणि डायनोसॉरची हाडंही. इथल्या एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरला ‘बारापासॉरस टागोराय’ असं नाव दिलं गेलं : बंगालीत ‘बडा पा’, म्हणजे मोठा पाय, म्हणून बारापा, आणि टागोराय रवींद्रनाथांवरून.

पापीकोंडलूच्या डोंगरांमधली चिंचोळी वाट पार केली की नदी सैलावते. राजमहेंद्रीखाली, धवलेश्वरम्‌च्या बंधाऱ्यापाशी ती गौतमी आणि वसिष्ठा अशा दोन मुख्य शाखांत फुटते. समुद्राकाठी ती जो गाळ टाकते, त्यात सह्याद्रीचा काळा कातळही असतो आणि बस्तरकडचे त्याहून कितीतरी जुने खडकही.