स्टेजिंग रिस्टोअर (एसक्यूएल डेटाबेस)

मोठ्या एसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप थेट प्रॉडक्शनवर (खरे युजर वापरतात त्या सर्व्हरवर) न चढवता आधी वेगळ्या सर्व्हरवर उभा करायचा, तो धड चालतोय का ते बघायचं आणि मग लागेल तेवढाच डेटा (कधी एखादंच टेबल, कधी सगळा) पुढे न्यायचा, याला स्टेजिंग रिस्टोअर म्हणतात. नावात थोडा घोळ आहे: डेटा वेअरहाऊसवाले कच्चा डेटा उतरवून घ्यायच्या टेबलांना 'स्टेजिंग' म्हणतात आणि वेबवाले रिलीजआधीच्या चाचणी सर्व्हरला. इथे दुसरा अर्थ धरलेला बरा.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये फुल बॅकअप 'नोरिकव्हरी' (डेटाबेस अजून उघडायचा नाही) ठेवून चढवतात, त्यावर ओळीने लॉग बॅकअप (फुल बॅकअपनंतरच्या बदलांची नोंद), आणि शेवटी रिकव्हरी, म्हणजे डेटाबेस वापरायला खुला. मध्येच डोकावून बघायचं असेल तर 'स्टँडबाय', त्यात डेटाबेस फक्त वाचता येतो. बॅकअप तपासणारी 'व्हेरिफायओन्ली' कमांड ओके आली म्हणून निर्धास्त होणारे बरेच असतात, पण ती कमांड बॅकअप पूर्ण आहे आणि वाचता येतोय एवढंच बघते, आतल्या डेटाची रचना शाबूत आहे की नाही ते रिस्टोअरनंतर 'चेकडीबी' चालवल्यावरच कळतं, आणि ती मोठ्या डेटाबेसवर इतकी जड जाते की प्रॉडक्शनऐवजी स्टेजिंगवरच चालवलेली परवडते. अजून एक, इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन (डेटा फाइल शून्यांनी न भरता लगेच तयार करायची सोय) चालू असलं तरी लॉग फाइल शून्यांनी भरावीच लागते, त्यामुळे लॉग अवाढव्य असेल तर रिस्टोअर बराच वेळ 0 टक्क्यांवरच दिसतं आणि माणूस घाबरून ते कॅन्सल करतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा डंप परत चढवणं म्हणजे एसक्यूएलच्या ओळी पुन्हा चालवणं, इंडेक्स नव्याने बांधणं, म्हणून तो हळू. मोठ्या डेटासाठी फाइलीच उचलणारं एक्स्ट्राबॅकअप हे टूल बरं.

सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण गिटलॅबचं (कोड ठेवायची वेबसाइट) आहे. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य पोस्टग्रेस (हाही एक एसक्यूएल डेटाबेस) सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी उडवली, सुमारे 300 जीबी. रोजचा पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारं टूल) होता म्हणे, पण तो चालायचा ॲप्लिकेशन सर्व्हरवर, तिथे डेटा डिरेक्टरीच नसल्याने व्हर्जन ओळखू न येता 9.2 चं टूल निवडलं जायचं आणि डेटाबेस होता 9.6, म्हणजे डंप दर वेळी फेल. फेल झाल्याची ईमेलही डीमार्कमुळे (खोट्या ईमेल अडवायचा नियम) नाकारली जात होती, मग कळणार कोणाला! शेवटी कामाला आला तो एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), जो त्याच इंजिनिअरने सुमारे 6 तास आधी दुसऱ्याच एका चाचणीसाठी हाताने घेऊन स्टेजिंगवर टाकला होता. काळ आला होता पण वेळ आली नव्हती.

नुकसानीचे आकडे दोन ठिकाणी वेगळे दिसतात. त्या रात्रीच्या धावत्या नोंदीत 707 युजर आहेत आणि 10 फेब्रुवारीच्या सविस्तर अहवालात सुमारे 700. घाईत लिहिलेल्या नोंदीपेक्षा नंतरचा अहवाल धरणं जास्त सुरक्षित वाटतं. गेलेला डेटा 17:20 ते मध्यरात्रीच्या (यूटीसी) दरम्यानचा होता, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

परत आणायला साधारण 18 तास लागले, कारण स्टेजिंगची डिस्क स्वस्तातली, 60 एमबीपीएसच्या आसपास अडकलेली. म्हणजे रिस्टोअरचा वेग बॅकअपवर कमी आणि स्टेजिंगच्या डिस्कवर जास्त ठरला, पण बजेट करताना हे कोणी धरत नाही. दुसरी अडचण अशी की स्टेजिंगवर डेटा आला की वेबहुक (काही घडलं की बाहेरच्या सिस्टिमला आपोआप मेसेज पाठवायची सोय) काढून टाकायची तिथे पद्धत होती (नाहीतर चाचणी सर्व्हरवरून खऱ्या युजरांच्या सिस्टिमला मेसेज जायचे), त्यामुळे स्टेजिंगची प्रत हा पूर्ण बॅकअप धरता येत नाही. परत चालू करण्याआधी सगळे सिक्वेन्स (नवे आयडी क्रमाने देणारे काउंटर) 1,00,000 ने पुढे ढकलले, म्हणजे त्या हरवलेल्या तासांत वाटले गेलेले आयडी पुन्हा कुणाला मिळू नयेत.