घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

‘बघा, कसा ढाराढूर झोपलाय!’ घोरणाऱ्याबद्दल हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या कौतुकानं बोललं जातं. हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेकांचा आजार वर्षानुवर्षं तसाच राहतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, हवेची वाट अरुंद होते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग थरथरतो. तोच घोरण्याचा आवाज. नुसतं घोरणं दर वेळी आजार नसतो. पण घोरता घोरता अचानक शांतता, छाती हलतेय पण हवा आत जात नाही, मग दचकून मोठा श्वास, असं दिसलं तर तो स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) असू शकतो. किमान 10 सेकंदांचा असा खंड तासाला 30 किंवा अधिक वेळा पडला, तर आजार तीव्र समजतात. प्रत्येक खंडात रक्तातला ऑक्सिजन घसरू शकतो, मेंदू खडबडून जागा होतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. डोकं मात्र जड असतं. रक्तदाबही वाढतो.

‘यावर इलाज नाही’ हेही खरं नाही. आधी झोपेची तपासणी करून घ्या. मध्यम-तीव्र आजारात सीपॅप यंत्र सर्वांत भरवशाचं: मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. 1981पासून ते माहीत आहे. सौम्य आजारात जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण, कुशीवर झोपणं, वजन घटवणं, रात्रीची दारू बंद करणं उपयोगी पडतं. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांनाच.

शेजारी झोपणाऱ्यानं मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावं. रुग्णाला स्वतःला हे कधीच दिसत नाही.