थ्रीव्हचा मनोरा एकटा नव्हता

नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या गॅलोवे परगण्यात डी नदीच्या एका बेटावर थ्रीव्हचा किल्ला आहे. किल्ला म्हणजे आज मुख्यतः एक पाच मजली दगडी मनोरा. अशा वास्तूंना तिथे ‘टॉवर हाउस’ म्हणतात. सरदाराचं राहतं घर आणि त्याचं संरक्षण, दोन्ही एकाच इमारतीत. आपली गढी आडवी पसरते, हे घर उभं चढतं.

हा मनोरा बांधला आर्चिबाल्ड डग्लसने. 1369 मध्ये तो गॅलोवेचा अधिपती झाला, 1388 मध्ये डग्लसचा अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) झाला आणि 1400 च्या नाताळच्या सुमारास इथेच वारला. त्याचे वडील सर जेम्स डग्लस हे स्कॉटलंडच्या दिवंगत रॉबर्ट ब्रूस राजाचं हृदय घेऊन धर्मयुद्धाला निघाले होते. 1330 मध्ये स्पेनमध्ये ते लढाईत पडले. तेव्हापासून हृदय ही डग्लस घराण्याची खूण झाली.

पुढे हे घराणं इतकं बलाढ्य झालं की राजाच्याच डोळ्यांत खुपू लागलं. फेब्रुवारी 1452 मध्ये दुसऱ्या जेम्स राजाने आठव्या अर्लला, विल्यमला, अभय देऊन स्टर्लिंगला बोलावलं आणि तिथेच भोसकून मारलं. 1455 मध्ये थ्रीव्हला वेढा पडला. दोन महिन्यांहून अधिक काळ किल्ला झुंजला. राजाने अवजड तोफ आणवली, पण शेवटी किल्ला हाती आला तो आतल्या लोकांना बक्षिसं चारून. ‘मॉन्स मेग’ या प्रचंड तोफेने थ्रीव्ह फोडला, ही दंतकथा अजूनही सांगितली जाते. ती टिकत नाही, कारण ती तोफ बर्गंडीच्या ड्यूककडून स्कॉटलंडला भेट आली तीच 1457 मध्ये.

इतिहास एवढाच ठाऊक असला की डोळ्यांपुढे एकाकी, उग्र मनोरा उभा राहतो. 1974 ते 1978 या काळात इथे झालेल्या उत्खननाने हे चित्र पार बदललं, आणि माझ्या मते थ्रीव्हची खरी गोष्ट तिथेच सुरू होते. मनोऱ्याच्या बाजूला मोठ्या इमारतींचे पाये निघाले. अर्लचा दरबार भरावा असं दालन, प्रार्थनामंदिर, असा सगळा पसारा इथे होता. मनोरा हा त्या नांदत्या वाड्याचा केवळ एक भाग.

मग बाकीचं गेलं कुठे? ते शत्रूने पाडलं नव्हतं, डग्लसांनीच उतरवलं होतं. तोफांचं युग आलं तेव्हा मनोऱ्याभोवती नवी तटबंदी घालायची होती. तिला जागा मोकळी हवी होती आणि दगडही. या तटाला कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि तोफा डागायला जंग्या होत्या. पूर्वी हा तट वेढ्याच्या तोंडावर घाईने उभारला असावा असं मानत. लाकडांतल्या वार्षिक वलयांवरून आणि उत्खननातल्या पुराव्यांवरून तो 1447 च्या सुमाराचा, म्हणजे वेढ्याच्या काही वर्षं आधीचा ठरला. म्हणजे राजाशी बिनसण्याआधीच कुणीतरी तोफांचा विचार करत होतं. स्कॉटलंडमध्ये तोफांसाठी खास बांधलेल्या तटांमध्ये हा फार जुना मानला जातो.

मनोऱ्याजवळच नदीकाठी नावा लागण्याची छोटी गोदीही सापडली. तिच्या ओल्या गाळात हवा पोचली नव्हती, म्हणून एरवी कुजून जाणारं लाकूड आणि कातडं टिकलं. त्यात रोजच्या वापरातली लाकडी भांडी होती, आणि एका भांड्यावर डग्लसांचं हृदय कोरलेलं होतं. जेम्स राजाने ज्यांची सत्ता उखडली त्यांचं चिन्ह ताटवाटीपर्यंत पोचलं होतं, हे त्या गाळानेच सांगितलं. उत्खननाचा सविस्तर अहवाल 1981 मध्ये प्रसिद्ध झाला.