विषारी अल्कोहोलवरील प्रतिविषे

मिथेनॉल (औद्योगिक अल्कोहोल) किंवा एथिलीन ग्लायकॉल (गाड्यांच्या कूलंटमधील द्रव) पोटात गेल्याने होणाऱ्या विषबाधेवर एथेनॉल (साध्या दारूतील अल्कोहोल) व फोमेपिझोल हे औषध ही दोन प्रतिविषे दिली जातात. मिथेनॉल व एथिलीन ग्लायकॉल स्वतः जितकी घातक असतात त्याहून त्यांच्यापासून शरीरात बनणारी आम्ले कितीतरी अधिक घातक ठरतात. यकृतातील अल्कोहोल डीहायड्रोजनेज या विकरामुळे मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड व पुढे फॉर्मिक आम्ल होते आणि त्याने दृष्टी जाते; एथिलीन ग्लायकॉलपासून बनणाऱ्या ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. प्रतिविषे हे विकर रोखून धरतात. आधीच तयार झालेले आम्ल मात्र त्यांनी नाहीसे होत नाही, त्यामुळे ती किती लवकर मिळतात यावर रुग्णाची दृष्टी आणि अनेकदा प्राणही अवलंबून असतात.

एथेनॉल स्वस्त आहे, पण रक्तातील त्याचे प्रमाण दर १०० मिलीला १०० ते १५० मिलिग्रॅम राखावे लागते. शिवाय गुंगी येते व लहान मुलांची साखर उतरते. म्हणून घरी दारू पाजणे हा उपचार नव्हे. फोमेपिझोलने गुंगी येत नाही. त्याची पहिली मात्रा वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, नंतरच्या मात्रा दर १२ तासांनी १० मिलिग्रॅम असतात. डायलिसिस चालू असताना त्या अधिक वेळा द्याव्या लागतात. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली, परंतु भारतात ते आजही सहज उपलब्ध नसते, ही खेदाची बाब आहे. जोडीला रक्तातील आम्लता उतरवण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट आणि मिथेनॉलच्या विषबाधेत फॉर्मिक आम्लाचा निचरा व्हावा म्हणून फोलिनिक आम्ल देतात.

नाशिकच्या द्राक्षवाइनमध्येही फळातील पेक्टिनमुळे अल्प मिथेनॉल असते, पण ते इतके थोडे असते की त्याने अशी विषबाधा होत नाही. खरा धोका औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या बेकायदा दारूचा आहे; जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी, आणि सोबत साधी दारूही घेतली असल्यास त्याहून उशिरा दिसतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून रुग्णाला डायलिसिससाठी नाशिक शहरात हलवायचे असेल, तर फोमेपिझोल नसतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली नाकातील नळीतून सौम्य केलेले एथेनॉल सुरू करता येते, आणि त्यामुळे घाटरस्त्याच्या प्रवासात नवे आम्ल बनणे रोखले जाते.