अमेरिकी वर्गातल्या घरच्या भाषा

मे १९२० मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात रॉबर्ट मेयर हे शिक्षक एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवत होते. त्यासाठी त्यांना २५ डॉलर दंड झाला. पहिल्या महायुद्धातला जर्मनद्वेष अजून ओसरला नव्हता, आणि आठवी पास होईपर्यंत परभाषा शिकवण्यावर राज्यानं आदल्याच वर्षी बंदी घातली होती. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा मोडीत काढला. शाळांचा स्वभाव मात्र बदलला नाही. नैर्ऋत्येकडच्या राज्यांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना पुढची कित्येक दशकं शिक्षा होत राहिली.

१९६३ मध्ये मायामीतल्या कोरल वे शाळेनं अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी असा प्रयोग सुरू केला. १९६८ मध्ये द्वैभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा आला. तरी खरी लढाई कोर्टातच झाली. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांना इंग्रजीतून बुद्धिमापन चाचणी देऊन मतिमंदांच्या वर्गात टाकलं जात होतं. 'डायना' खटल्यातल्या नऊ मुलांची स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेतली, तर बहुतेकांना त्या वर्गात बसवायचं कारणच उरलं नाही. १९७० च्या तडजोडीनंतर घरच्या भाषेत चाचणी घेणं राज्याला भाग पडलं.

पाठोपाठ १९७४ चा 'लाउ' निकाल आला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी समजत नव्हतं आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं. मग करायचं काय? त्यावर न्यायालय गप्प राहिलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या वादांचं मूळ इथंच आहे: हक्क कोर्टानं दिला आणि तो कसा पाळायचा ते शाळांवर, म्हणजे अखेर शिक्षकांवर, सोडलं. १९८१ च्या 'कास्तान्येदा' खटल्याच्या निकालानं शाळेची मदत पुरेशी आहे का हे तपासायचे निकष दिले, पण पद्धत ठरवली नाही.

१९९५ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी भाषेपलीकडचा मुद्दा पुढे आणला: मुलाची संस्कृती ही उणीव नाही, शिकवण्याची सुरुवात तिथूनच करता येते. अध्यापकवर्गांत हा विचार रुजत असतानाच, १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी द्वैभाषिक वर्गांवर कडक निर्बंध आणले. २०१६ मध्ये त्याच राज्यानं ते उठवले. पण मधल्या अठरा वर्षांत द्वैभाषिक शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम आटले होते, आणि परवानगी मिळाली तेव्हा शिकवायला माणसं पुरेनात.