मॉड्यूलर बेसबोर्ड (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेचे रूळ, स्थानके आणि डोंगर ज्या पायावर उभे राहतात त्याला बेसबोर्ड म्हणतात. हा पाया अखंड टेबलासारखा न करता सुट्या, उचलून नेता येणाऱ्या तुकड्यांचा केला आणि जोडताना रूळ दरवेळी अचूक जुळतील अशी सोय ठेवली, की तो मॉड्यूलर बेसबोर्ड होतो. निवड करताना बहुतेकांचे लक्ष वरच्या फळीकडे जाते, म्हणजे प्लाय किती जाडीचा, फोम चालेल का, वगैरे. प्रत्यक्षात मॉड्यूल, म्हणजे असा एक सुटा तुकडा, ठरते ते त्याच्या दोन टोकांवर. फळी थोडी वाकडी असली तरी गाडी चालते, पण टोकाला रूळ अर्धा मिलिमीटर सरकले तरी डबा घसरू शकतो. त्यामुळे आधी जोड ठरवावा आणि फळीचा विचार त्यानंतर करावा. (रेल्वेच्या मराठीत ‘सांधा’ म्हणजे रूळ बदलण्याची जागा. घोळ टाळण्यासाठी या नोंदीत तिला पॉइंट म्हटले आहे आणि दोन बोर्ड जिथे भिडतात त्या जागेला जोड.)

विभागी आणि मॉड्यूलर

हे दोन प्रकार सर्रास एकच समजले जातात. विभागी बोर्डांचा क्रम ठरलेला असतो. ‘अ’ला फक्त ‘ब’ जुळतो, ‘ब’ला फक्त ‘क’. घर बदलताना किंवा प्रदर्शनाला नेताना मांडणी सुटी करायची एवढाच हेतू असेल तर हेच पुरते, आणि एकट्या माणसाला हेच परवडते. खऱ्या मॉड्यूलर पद्धतीत टोकाच्या पट्टीचे, म्हणजे एंडप्लेटचे, माप सगळ्यांनी आधी मान्य केलेले असते. त्यामुळे कुणाचेही मॉड्यूल कुणाच्याही मॉड्यूलला लागते. त्याची किंमतही मोजावी लागते : रूळ टोकाशी ठरलेल्या जागीच आणि काटकोनातच यावे लागतात, उंची ठरलेली असते, वायरिंगही ठरलेले असते. आपल्या गावात किंवा मंडळात दुसरे कुणी मॉड्यूल करत नसेल तर हे बंधन विनाकारण अंगावर घेऊ नये. विभागी बोर्ड करावेत.

कोथरूड, पुणे येथील जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय हे एकाच जागी कायम उभारलेल्या मांडणीचे उदाहरण आहे. तशा मांडणीत जोडांचा हा सगळा प्रश्न गौण ठरतो.

प्रचलित मानके

एनट्रॅक ही एन गेजची (दोन रुळांमधले अंतर ९ मिमी) अमेरिकी पद्धत १९७४ पासून चालत आली आहे. मूळ मॉड्यूल ४ फूट लांब आणि २ फूट खोल, रुळाची उंची जमिनीपासून ४० इंच, आणि पुढच्या कडेने तीन मुख्य मार्ग. रूळ बोर्डाच्या टोकाआधीच थांबतात आणि मधली फट सुमारे ५ इंचांच्या सुट्या रुळाने भरतात. रूळ पुढच्या कडेला असल्याने मॉड्यूल उलटे फिरवून लावता येत नाही.

फ्रेमो हे युरोपातील मॉडेलकारांचे मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्यांच्या पद्धतीत रुळाचा माथा जमिनीपासून १३०० मिमीवर असतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात रुजलेली फ्री-मो ही नावाने जवळची, पण वेगळी पद्धत. तिची एकेरी मार्गाची एंडप्लेट २४ इंच रुंद, रूळ बरोबर मध्यावर आणि उंची किमान ५० इंच. दोन्हींचे मर्म असे की बोर्डाचा मधला भाग कसाही वळावा, कितीही रुंद व्हावा, नियम फक्त टोकांना. एकेरी रूळ मध्यावर असल्याने मॉड्यूल कोणत्याही बाजूने लावता येते. ऐसपैस वळणे आणि मोकळी शेतजमीन दाखवायची असेल तर ही पद्धत सर्वांत समाधान देते.

टी-ट्रॅक टेबलावर मांडायची पद्धत आहे, तिला पाय लागत नाहीत. एकेरी मापाच्या मॉड्यूलवरचा काटो कंपनीचा तयार रूळ, युनिट्रॅक, १८६ आणि १२४ असा मिळून ३१० मिमी लांब असतो, तर खालची पेटी ३०८ मिमी. हा २ मिमीचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. रूळ दोन्ही बाजूंनी १-१ मिमी बाहेर राहतो, त्यामुळे आधी रूळ एकमेकांना भिडतात, पेट्या नाहीत. नवशिक्याने पेटी ३१० मिमीचीच करून ठेवली, की युनिजॉइनर (युनिट्रॅकची टोके जोडणारी क्लिप) पूर्ण बसत नाही आणि जोडात वीज तुटत राहते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

माप ठरवताना

ओओ (१:७६) आणि एचओ (१:८७) या दोन्ही प्रमाणांत रुळांमधले अंतर १६.५ मिमीच. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे, ते १:८७ ला सुमारे १९.३ मिमी यायला हवे. तरी भारतीय गाड्यांची एचओ मॉडेल सामान्यतः १६.५ मिमी रुळांवरच चालवतात, म्हणून जोडाच्या बाबतीत त्यांना वेगळे काही करावे लागत नाही.

१२०० × ६०० मिमी हे माप सर्वाधिक सोयीचे. एका माणसाला ते उचलता येते आणि पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचतो. ७५० मिमीपेक्षा खोल बोर्डावर मागच्या रुळावरून घसरलेला डबा उचलताना पुढचे सिग्नल मोडतात. लहान बोर्ड करण्याचा मोह आवरावा, कारण ३.६ मीटरची मांडणी १२०० च्या बोर्डांनी केली तर २ जोड येतात, ९०० ने ३, आणि ६०० ने ५. प्रत्येक जोड म्हणजे रूळ कापणे, डॉवेल (बोर्डांची जागा धरणाऱ्या खुंट्या) आणि वायर हे सगळे आलेच.

फलाटाची लांबी आधी मोजावी. आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचा) डबा बफरसह सुमारे २२.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये साधारण २५६ मिमी. असे ४ डबे आणि सुमारे २१५ मिमीचे इंजिन मिळून १२४० मिमी होतात. एवढी छोटी गाडीसुद्धा एका बोर्डावर मावत नाही. स्थानक दोन मॉड्यूलांवर पसरणार हे गृहीत धरून पॉइंट जोडापासून दूर ठेवावेत.

वळणाचेही तसेच. ओओच्या तयार रुळांत दुसऱ्या क्रमांकाच्या त्रिज्येचे वळण ४३८ मिमी आणि तिसऱ्याचे ५०५ मिमी. ६०० मिमी खोल बोर्डावर पूर्ण उलटे वळण बसत नाही. टोकाला दोन बोर्ड बाजूबाजूला लावून १२०० मिमी खोली करावी लागते, मग तिसरी त्रिज्या दोन्हीकडे सुमारे ९५ मिमी जागा सोडून बसते. चौथी त्रिज्या (५७१.५ मिमी) कडेच्या फार जवळ जाते, गाडी घसरली तर थेट जमिनीवर.

सामग्री

बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सोसणाऱ्या, प्रतीचा (आयएस ३०३) प्लाय घ्यावा. मरीन (आयएस ७१०) अधिक टिकाऊ, पण जड आणि महाग. दमट हवेत कमर्शियल एमआर (फक्त ओलावा सोसणाऱ्या) प्लायचे थर सुटू शकतात. एमडीएफ सपाट मिळतो, म्हणून मोह होतो, पण कडेने पाणी शोषून फुगतो आणि एकदा फुगला की उतरत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एमडीएफचा जोड हमखास बिघडतो. वजनही पाहावे : १२२० × ६१० चा १८ मिमी एमडीएफ १० किलोच्या आसपास भरतो, १२ मिमी प्लाय साधारण ५.५ ते ६ किलो, आणि ५० मिमी एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन) फोम जेमतेम सव्वा किलो. फोम दृश्य कोरायला फार छान, पण त्यात स्क्रू धरत नाही, म्हणून एंडप्लेट प्लायचीच हवी.

१२ मिमी प्लायच्या एका ८ × ४ फुटी शीटमधून (२४४० × १२२०) दोन मॉड्यूल निघतात. शीट लांबीच्या दिशेने चिरून ६०० मिमीचा पट्टा काढावा, त्यातून १२०० × ६०० चे दोन माथे. उरलेल्या सुमारे ६१७ मिमीतून १०० मिमीच्या ६ पट्ट्या निघतात, करवतीचे ३ मिमी धरून. दोन पट्ट्यांत ११७६ मिमीच्या ४ बाजू, एका पट्टीत ६०० मिमीच्या ४ एंडप्लेट, एका पट्टीत ५७६ मिमीच्या ४ आडव्या पट्ट्या. उरलेल्या दोन पट्ट्या कोपऱ्यांच्या ठोकळ्यांना. एंडप्लेट पूर्ण रुंदीच्या ठेवून बाजू त्यांच्या आत बसवाव्यात, म्हणून बाजू १२०० ऐवजी ११७६. असे मॉड्यूल ९ ते १० किलोचे होते. सुताराकडून माथे आणि पट्ट्या यंत्रावर कापून घ्याव्यात, हाताने कापलेली एंडप्लेट क्वचितच काटकोनात येते. चौकट चिकटवताना गुण्या लावावाच, शिवाय दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत १ मिमीहून जास्त फरक असेल तर गोंद ओला असतानाच ओढून सरळ करावे.

आडव्या पट्ट्या चिकटवण्याआधी पॉइंट कुठे येणार ते माथ्यावर आखून घ्यावे. पॉइंट मोटर (फळीखाली बसून पॉइंट फिरवणारी) नेमकी पट्टीवर येणे ही नेहमीची चूक आहे आणि नंतर पट्टी कापली की चौकट ढिली पडते. शेवटी वरून, खालून आणि कडांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत. एकाच बाजूला रंग दिला तर दुसरी बाजू दमट हवेत फुगते आणि फळी पत्र्यासारखी वाकते.

जोड

नुसत्या बोल्टने जोडू नये. एम८ बोल्टसाठी भोक मोकळे, ९ ते १० मिमीचे ठेवावे लागते आणि तेवढ्या मोकळीकीत रूळ हलतात. जागा धरायचे काम डॉवेलचे, आवळायचे काम बोल्टचे. पितळी पॅटर्नमेकर डॉवेलची एक बाजू खुंटी, दुसरी वाटी असते. प्रत्येक जोडाला दोन, एकमेकांपासून शक्य तितक्या दूर बसवावेत. दोन्ही एंडप्लेट पाठीला पाठ लावून, शिकंजात आवळून, ३ मिमी ड्रिलने एकदमच आरपार भोक पाडावे आणि मगच मोठे करावे. मंडळासाठी बनवत असाल तर सर्वांची भोके एकाच धातूच्या पट्टीवरून पाडावीत. फळ्या वेगवेगळ्या घरी केल्या तरी ती पट्टी मात्र एकच फिरावी. बोल्टला मोठे वॉशर आणि विंग नट लावावेत, नाहीतर प्लाय दबत जातो आणि जोड दरवेळी थोडा वेगळा बसतो.

रूळ आधी कापून मग बोर्डांवर लावणे चुकीचे. बोर्ड डॉवेलसह आवळून घ्यावेत, रूळ जोडावरून सलग अंथरावा, दोन्हीकडे टोकाच्या स्लीपरऐवजी तांब्याचा पत्रा असलेले पीसीबी स्लीपर स्क्रूने पक्के करून रूळ त्यांना डाग देऊन (सोल्डर करून) जोडावा, आणि सगळ्यात शेवटी पातळ चकतीने काप घ्यावा. पीसीबीच्या तांब्यात मधोमध चीर पाडायची विसरू नये, नाहीतर दोन्ही रुळांत शॉर्ट होतो. जोडाला तिरका रूळ टाळावा, आणि पॉइंट तर जोडावर कधीच नको.

ऋतूंचे भानही ठेवावे. निकेल सिल्व्हरचा १.२ मीटर रूळ २० अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे ०.४ मिमी वाढतो. थंडीत घट्ट भिडवलेले रूळ मे महिन्यात उचलले जाऊ शकतात, म्हणून कापाची अर्धा मिलिमीटर फट राहू द्यावी.

पाय आणि वायरिंग

पहिल्या बोर्डाला चार पाय, पुढच्या प्रत्येकाला दोन आणि दुसरे टोक आधीच्या बोर्डाला टेकलेले, ही रचना विभागी मांडणीला वजनाने हलकी पडते. मॉड्यूलर पद्धतीत मात्र प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चार पायांवर उभे राहायला हवे, कारण शेजारी कोण येईल ठाऊक नसते. प्रत्येक पायाला एम८ किंवा एम१० चा आटे फिरवून उंची बदलणारा पाया लावावा, निदान २५ मिमी वर-खाली होणारा. सभागृहांची जमीन कधीच सपाट नसते.

मुख्य वीजवाहिनी २.५ चौमिमी वायरची, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून वेगळी बारीक वायर द्यावी. रुळाच्या जोडपट्ट्यांवर वीज सोडू नये. त्या वर्षभरात गंजतात आणि गाडी पलीकडच्या टोकाला मंदावते. डीसीसी (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत) वापरत असाल तर मांडणी उभी केल्यावर सर्वांत दूरच्या रुळावर नाणे आडवे ठेवावे. बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने, लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर वायर बारीक आहे किंवा एखादा प्लग सैल आहे, आणि असा शॉर्ट डब्याची चाके वितळवू शकतो. मॉड्यूल उलटे फिरवता येणार असेल तर दोन्ही टोकांचे प्लग, टोकाकडून पाहताना, डाव्या-उजव्या रुळाला सारखेच जोडलेले असावेत. इथली एक चूक पूर्ण मांडणीत शॉर्ट करते आणि सापडायला तास लागतो.

ने-आण आणि साठवण

दोन मॉड्यूल समोरासमोर, दृश्य आतल्या बाजूला ठेवून, दोन्ही टोकांना प्लायच्या तक्त्यांनी बांधले की एक बंद पेटी होते. तक्त्यांची उंची सर्वांत उंच झाडापेक्षा ५० मिमी जास्त ठेवावी. डॉवेलच्या खुंट्या बाहेर राहतात, त्यांच्यावर फोमची टोपी असू द्यावी. पावसाळ्यात पेट्या बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नयेत. चार महिन्यांनी बाहेर काढल्यावर रुळाआधी एंडप्लेट तपासाव्यात, पट्टीने, मध्यावर फुगल्यात का ते पाहून. फुगलेली असेल तर बोल्ट जास्त आवळून जोड बंद करू नये, तर कोरडी झाल्यावर वरचा फुगवटा पॉलिश पेपरने उतरवून पुन्हा वॉर्निश द्यावे.